लिनक्स सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर: बिल्डपासून पॅकेजपर्यंत, टप्प्याटप्प्याने

बिल्ड झालं, एकही एरर नाही, पॅकेज बसलं. सर्व्हर रीबूट केला आणि कार्डावर जुनाच ड्रायव्हर. किंवा त्याहून वाईट, कार्डच दिसेना. ही तक्रार पुन्हापुन्हा कानावर येते. कोड चुकलेला क्वचितच असतो, बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. साइन (डिजिटल सही) करून मग स्ट्रिप (डीबगची माहिती काढून फाइल लहान) केलेलं असतं, एका कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्याच्या एका आवृत्तीसाठी) बिल्ड करून दुसऱ्यावर बूट केलेलं असतं, किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइल सिस्टममध्ये) जुनी फाइल तशीच राहिलेली असते.

म्हणून हा सगळा प्रवास करताना प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारायचे: हे कोणत्या कर्नलसाठी चाललंय, आणि नेमकी कोणती फाइल वापरली जातेय? खालच्या बहुतेक सूचना या दोन प्रश्नांतूनच आल्या आहेत.

टप्पा १: कार्ड ओळखा आणि बाहेरचा ड्रायव्हर लागतोच का ते ठरवा

डब्यावरचं नाव पुरेसं नाही. एलएसपीसीआय कमांडला दोनदा एन आणि एकदा के पर्याय द्या. कार्डाचा व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी, सध्या लागलेला ड्रायव्हर आणि लागू शकणारे मॉड्यूल (कर्नलमध्ये हवं तेव्हा जोडता येणारी ड्रायव्हरची फाइल) असं सगळं एकत्र दिसतं. ८०८६ हा इंटेलचा व्हेंडर आयडी. ८०८६:१५७२ दिसलं तर ते एक्स७१० मालिकेतलं १० गिगाबिटचं एसएफपी प्लस कार्ड. त्याला आय४०ई ड्रायव्हर लागतो. जुन्या ८२५९९ वर्गाला आयएक्सजीबीई, ई८१० ला आयसीई, मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स-४ पासून पुढे एमएलएक्स५_कोअर, ब्रॉडकॉमच्या नेटएक्स्ट्रीम-ई ला बीएनएक्सटी_ईएन.

आता कर्नलसोबत आलेल्या मॉड्यूलवर मॉडइन्फो (मॉड्यूलची माहिती दाखवणारी कमांड) चालवा आणि एलियासच्या (ते मॉड्यूल ज्यांना लागतं त्या आयडींच्या) यादीत तुमचा आयडी शोधा. आयडी तिथे असेल आणि कार्ड नीट चालत असेल, तर बाहेरचा ड्रायव्हर कशासाठी हवाय याचं एक ठोस कारण लिहून काढा: एखादं फीचर, माहीत असलेला बग, किंवा हार्डवेअर कंपनीच्या सपोर्टची अट. कारण सुचत नसेल तर इथेच थांबा. बाहेरचा ड्रायव्हर घेतला की पुढच्या प्रत्येक कर्नल अपडेटची जबाबदारी तुमच्यावर येते.

पुढे जायचं ठरलं तर इथटूलला आय पर्याय देऊन आत्ताचा ड्रायव्हर, आवृत्ती आणि फर्मवेअरची आवृत्ती टिपून ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या. कर्नलमधल्या बऱ्याच ड्रायव्हरांनी स्वतःचा आवृत्ती क्रमांक सोडून दिलाय, त्यामुळे तिथे कर्नलचीच आवृत्ती दिसते. हा बिघाड नाही. उलट पुढे तीच तुमची खूण ठरते: तिथे कर्नलचा क्रमांक दिसला, तर लोड झालेला ड्रायव्हर बहुधा तुमचा नाही.

टप्पा २: कर्नल ठरवा, मग त्याचं सामान जमवा

युनेमला आर पर्याय दिला की आत्ता चालू असलेला कर्नल कळतो. रीबूटनंतर कोणता येणार ते त्यातून कळत नाही. रात्री सुरक्षा अपडेट बसलेलं असेल, तर सकाळी तुम्ही जुन्या कर्नलसाठी बिल्ड करता आणि सर्व्हर नव्यावर उठतो. बसवलेल्या कर्नलांची यादी काढा, बूटलोडरचा डिफॉल्ट कोणता ते बघा आणि लक्ष्य कर्नलची पूर्ण आवृत्ती, शेवटच्या आकड्यापर्यंत, कागदावर लिहा.

रेड हॅट कुळात तुम्हाला कर्नल-डेव्हल हे पॅकेज हवं. कर्नल-हेडर्स नावाचं पॅकेज वेगळं आहे, ते यूझरस्पेस प्रोग्राम कंपाइल करण्यासाठी असतं. ही चूक इतकी सर्रास होते की बिल्ड अडलं तर मी सगळ्यात आधी हेच विचारतो. डेबियन आणि उबुंटूवर लिनक्स-हेडर्स आणि त्यापुढे कर्नलची पूर्ण आवृत्ती. सुसेवर कर्नल-डिफॉल्ट-डेव्हल आणि कर्नल-सिम्स.

नुसतं कर्नल-डेव्हल मागितलं तर रिपॉझिटरीतलं सर्वांत ताजं येतं, आणि सर्व्हर दोन अपडेट मागे असू शकतो. म्हणून पॅकेजच्या नावापुढे आवृत्ती लिहूनच मागा. सोबत जीसीसी, मेक आणि एल्फ लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज. कर्नल ज्या कंपायलरने बनला त्याच आवृत्तीचा जीसीसी शक्यतो वापरा. तो वेगळा असला तर नवे कर्नल बिल्डच्या सुरुवातीलाच तशी सूचना छापतात, ती वाचून सोडून देऊ नका.

तपासा: /लिब/मॉड्यूल्स/<लक्ष्य आवृत्ती>/बिल्ड ही लिंक खऱ्या फोल्डरकडे जाते का? लिंक तुटलेली असेल तर डेव्हल पॅकेज चुकीच्या आवृत्तीचं आहे. तुटलेली लिंक हाताने दुसरीकडे वळवू नका. बिल्ड होईल, पण मॉड्यूल लोड होणार नाही.

सावधान: कंटेनरमध्ये बिल्ड करत असाल तर युनेम यजमान मशीनचा कर्नल सांगतो, कंटेनरच्या आतल्या डिस्ट्रोचा नव्हे. मॉक या पॅकेज बिल्ड करण्याच्या साधनाच्या क्रूटमध्येही (वेगळ्या केलेल्या बिल्ड फोल्डरमध्येही) तेच. कर्नलची आवृत्ती मेकला स्वतः लिहून द्या. ज्या मेकफाइल युनेमवर विसंबतात त्यांत आवृत्ती देण्यासाठी एखादा व्हेरिएबल सहसा असतो, त्याचं नाव रीडमीत बघा.

टप्पा ३: आधी एकदा हाताने बिल्ड

थेट पॅकेज बनवायला बसू नका. पॅकेजच्या हजार ओळींच्या लॉगमध्ये कंपायलरची एक एरर शोधणं फार कष्टाचं असतं. सोर्सच्या टारबॉलचा (एका फाइलमध्ये बांधलेल्या संग्रहाचा) चेकसम जुळवा, उघडा, सोर्स फोल्डरमध्ये जा. मेकला सी पर्यायाने कर्नलचं बिल्ड फोल्डर आणि एम या व्हेरिएबलने तुमचं सोर्स फोल्डर सांगा. एका कर्नलकडून दुसऱ्याकडे जाताना मधे क्लीन करायला विसरू नका, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइल नव्या बिल्डमध्ये मिसळतात.

एरर आली तर शेवटची नाही, पहिली वाचा. नेहमी भेटणारे तीन प्रकार:

फंक्शनला जास्त किंवा कमी आर्ग्युमेंट दिल्याची एरर म्हणजे कर्नलचा एपीआय बदललाय. उदाहरणार्थ ६.१ मध्ये नेटिफ_नापी_अॅड या फंक्शनमधलं वेट हे आर्ग्युमेंट काढलं गेलं, आणि त्याआधीचे बाहेरचे ड्रायव्हर तिथे अडू लागले. इथे स्वतः आर्ग्युमेंट खोडून पुढे जायचा मोह होतो. तसं करू नका, ड्रायव्हरची नवी आवृत्ती आणा. एका ठिकाणचा बदल दिसतो, तेव्हा न दिसणारे आणखी चार असतात.

रेड हॅट कुळात हा गोंधळ वाढतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चा कर्नल क्रमांक ५.१४ असला तरी त्यात पुढच्या कर्नलांमधले खूप बदल मागे आणलेले असतात. फक्त क्रमांक बघून निर्णय घेणारा ड्रायव्हर तिथे फसतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये अशा डिस्ट्रोंसाठी वेगळी सुसंगततेची हेडर फाइल असते. ज्या मायनर रिलीझसाठी बिल्ड करताय तिचं नाव ड्रायव्हरच्या रिलीझ नोट्समध्ये आहे ना, ते आधी बघा.

दुसरा प्रकार: मोडपोस्ट (बिल्डच्या शेवटी सिम्बॉल तपासणारी पायरी) म्हणतं की अमुक सिम्बॉल (फंक्शन किंवा व्हेरिएबलचं नाव) सापडत नाही. हे बहुधा जोडीच्या दुसऱ्या मॉड्यूलमधलं सिम्बॉल असतं. ते मॉड्यूल आधी बिल्ड करा आणि त्याची मॉड्यूल.सिमव्हर्स फाइल केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स या व्हेरिएबलने पुढच्या बिल्डला दाखवा.

तिसरा: जुन्या मेकफाइलमध्ये एक्स्ट्रा_सीफ्लॅग्स असतं. ६.१५ पासून कर्नलची बिल्ड व्यवस्था ते मानत नाही. अशा वेळी हेडर सापडत नसल्याच्या एरर येतात आणि माणूस हेडर शोधत बसतो. त्या जागी सीसीफ्लॅग्स-वाय लिहिलं की काम होतं.

तपासा: तयार झालेल्या केओ फाइलवर (मॉड्यूलवर) मॉडइन्फो चालवून तीन ओळी वाचा. व्हरमॅजिकमध्ये (मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बनलं त्याच्या खुणेत) लक्ष्य कर्नलची आवृत्ती जशीच्या तशी हवी. डिपेंड्समध्ये आणखी कोणती मॉड्यूल लागतात ते कळतं. फर्मवेअरच्या ओळीत कोणती फाइल लागते ते कळतं.

सावधान: इथे मेक इन्स्टॉल करू नका. त्याने टाकलेल्या फाइल पॅकेज मॅनेजरला माहीत नसतात. महिन्याभराने तुमचं पॅकेज बसतं, आणि हाताने टाकलेली ती जुनी फाइल कोणाच्याही लक्षात न येता आधी लोड होत राहते.

टप्पा ४: एका चाचणी मशीनवर लोड करून बघा

एकदा मी एसएसएचवरून मॉडप्रोबला (मॉड्यूल लोड करणाऱ्या किंवा काढणाऱ्या कमांडला) आर पर्याय देऊन ड्रायव्हर काढला, नवा लोड करण्याची कमांड पुढच्या ओळीत लिहिणार होतो. पहिली कमांड संपली आणि स्क्रीन गोठली. ज्या कार्डावरून मी आत आलो होतो, त्याचाच ड्रायव्हर काढला होता. त्या मशीनच्या बीएमसीचा (दुरून सर्व्हर हाताळणाऱ्या वेगळ्या चिपचा) पासवर्डही हाताशी नव्हता. तेव्हापासून दोन नियम पाळतो.

पहिला: बीएमसीचा कन्सोल उघडून, लॉगिन करून ठेवल्याशिवाय ड्रायव्हरला हात लावायचा नाही. दुसरा: काढणं आणि लोड करणं एकाच स्क्रिप्टमध्ये, आणि ती स्क्रिप्ट सेशनपासून अलग, सिस्टमडी-रन किंवा टीमक्समध्ये चालवायची. त्याआधी शटडाउन कमांडने १० मिनिटांनी रीबूट लावून ठेवायचं. सगळं ठीक झालं तर ते रद्द करायचं. नाहीतर मशीन आपोआप जुन्या ड्रायव्हरवर परत येतं, कारण अजून काहीही कायमचं बसवलेलं नाही.

काढताना मॉड्यूल वापरात असल्याचं उत्तर आलं तर एलएसमॉडमध्ये कोण धरून बसलंय ते बघा. आयसीईला बऱ्याचदा आरडीएमएचं (एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा पाठवण्याचं) आयआरडीएमए मॉड्यूल धरून असतं. आधी ते काढा.

इन्समॉड ही कमांड दिलेली एकच मॉड्यूल फाइल लोड करते, त्या मॉड्यूलला लागणारी इतर मॉड्यूल स्वतः लोड करत नाही. सिम्बॉल माहीत नसल्याची तक्रार आली तर डिपेंड्सच्या ओळीतली मॉड्यूल आधी मॉडप्रोबने लोड करा.

तपासा: डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ड्रायव्हरचं नाव, त्याची आवृत्ती आणि फर्मवेअरबद्दलची ओळ. ई८१० कार्डाला डीडीपी पॅकेजची (प्रगत फीचरसाठी लागणारी) फाइल मिळाली नाही तर ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जातो. लिंक वर येते, पिंग जातं, सगळं ठीक वाटतं, पण प्रगत फीचर बंद असतात आणि वेग भार आल्यावरच कोसळतो. पिंग गेलं म्हणजे चाचणी झाली असं या कार्डाबाबत मुळीच समजू नका.

टप्पा ५: पॅकेजचा प्रकार निवडा

रस्ते दोन आहेत.

डीकेएमएस सोर्स बसवतं आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्या मशीनवरच बिल्ड करतं. सोय मोठी, पण प्रत्येक सर्व्हरवर कंपायलर ठेवावा लागतो. शिवाय नव्या कर्नलवर बिल्ड फसलं तर ते अपडेटच्या गर्दीत दिसत नाही, रीबूटनंतर कळतं.

आधीच बिल्ड केलेलं मॉड्यूल पॅकेजमध्ये देणं हा दुसरा रस्ता: रेड हॅट कुळात केमॉड, सुसेवर केएमपी. एका जागी बिल्ड, एका जागी चाचणी, सगळीकडे तीच फाइल. सारखे सर्व्हर मोठ्या संख्येने असतील तर माझा कौल निःसंशय याला. वेगवेगळ्या कर्नलांची थोडी मशीन असतील तर डीकेएमएस.

डीकेएमएस घेतलं तर या जागा सांभाळा. सोर्स /यूएसआर/एसआरसी मध्ये नाव-आवृत्ती अशा फोल्डरमध्येच हवा, आणि डीकेएमएस.कॉन्फमधलं नाव व आवृत्ती त्याच्याशी अक्षरशः जुळायला हवी. मेकच्या ओळीत युनेम वापरू नका, डीकेएमएस स्वतः देतं तो कर्नलव्हर हा व्हेरिएबल वापरा. ही चूक महिनोन्महिने लपून राहते: आज चालू कर्नलसाठी बिल्ड होतं म्हणून सगळं छान, आणि पहिल्या कर्नल अपडेटला नव्या कर्नलच्या फोल्डरमध्ये जुन्या कर्नलचं मॉड्यूल जाऊन बसतं. ऑटोइन्स्टॉल यस लिहायला विसरू नका. अडलं तर /व्हार/लिब/डीकेएमएस खाली मेक.लॉग बघा.

केमॉडसाठी कर्नल-आरपीएम-मॅक्रोज पॅकेज घ्या आणि स्पेकमध्ये (आरपीएम पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) कर्नल_मॉड्यूल_पॅकेज मॅक्रो वापरा. त्याने सिम्बॉलच्या चेकसमवर आधारलेले अवलंबन आपोआप लिहिले जातात. सिम्बॉल जुळले तर वीक-मॉड्यूल्स स्क्रिप्ट तेच मॉड्यूल दुसऱ्या कर्नलच्या वीक-अपडेट्स फोल्डरमध्ये लिंक करते, पुन्हा बिल्ड लागत नाही. पण नेटवर्कची बरीच सिम्बॉल रेड हॅटच्या स्थिर यादीत नसतात. मायनर रिलीझ बदलली की नवं बिल्ड लागेल असंच धरून चाला.

टप्पा ६: पॅकेजमध्ये काय, कुठे

मॉड्यूल लक्ष्य कर्नलच्या अपडेट्स किंवा एक्स्ट्रा फोल्डरमध्ये टाका. कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हर फोल्डरमधली फाइल कधीही ओव्हरराइट करू नका. ती कर्नल पॅकेजच्या मालकीची आहे, आणि तुमचं पॅकेज काढलं की सर्व्हरकडे ड्रायव्हरच उरणार नाही.

दोन फोल्डरांत एकाच नावाचं मॉड्यूल असताना कोणतं निवडायचं हे डेपमॉड ठरवतो, /इटीसी/डेपमॉड.डी मधल्या सर्च क्रमानुसार. तो क्रम डिस्ट्रोनुसार बदलतो, म्हणून पॅकेजसोबत ओव्हरराइडची एका ओळीची फाइल द्या. जोडीची मॉड्यूलही त्याच पॅकेजमध्ये द्या. नवं आयसीई आणि जुनं आयआरडीएमए एकत्र नांदत नाहीत.

इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्टमध्ये डेपमॉडला लक्ष्य आवृत्ती लिहून द्या. नुसतं डेपमॉड चालू कर्नलचीच यादी बनवतं.

टप्पा ७: स्ट्रिप, साइन, कॉम्प्रेस. याच क्रमाने

सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू आहे का ते मॉकयुटिलने बघा. चालू असेल तर सहीशिवाय मॉड्यूल लोड होणार नाही.

सही मॉड्यूल फाइलच्या अगदी शेवटी चिकटवलेली असते. नंतर स्ट्रिप चालवली की ती उडून जाते. आरपीएम बिल्ड आपण न सांगता इन्स्टॉलच्या भागानंतर स्ट्रिप करतं, त्यामुळे स्पेकच्या इन्स्टॉलमध्ये केलेली सही अंतिम पॅकेजमध्ये नसते. लॉगमध्ये साइन झाल्याची ओळ दिसते आणि सर्व्हर मात्र मॉड्यूल नाकारतो. सही स्ट्रिपच्या नंतरच्या पायरीत करा. कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी, आणि एक्सझेड वापरत असाल तर चेकचा प्रकार सीआरसी३२ ठेवा.

सहीसाठी कर्नलच्या बिल्ड फोल्डरमधली साइन-फाइल प्रोग्राम वापरा. खाजगी की पॅकेजमध्ये किंवा सोर्स रिपॉझिटरीत जाऊ देऊ नका. सार्वजनिक सर्टिफिकेट प्रत्येक सर्व्हरवर मॉकयुटिलने इम्पोर्ट करावं लागतं, आणि त्याची मंजुरी पुढच्या बूटला कन्सोलवर निळ्या स्क्रीनमध्ये द्यावी लागते. एसएसएचवरून ते जमत नाही. शंभर सर्व्हर असतील तर या कामाचा वेळ आधीच धरा.

तपासा: तयार पॅकेज वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून आतल्या मॉड्यूलवर मॉडइन्फो चालवा. साइनर आणि सिग-की या ओळी हव्यात. बिल्ड फोल्डरमधली फाइल तपासून उपयोग नाही.

टप्पा ८: इनिटरॅमएफएस

बूटच्या सुरुवातीला कर्नल इनिटरॅमएफएसमधली मॉड्यूल वापरतो. तिथे जुना ड्रायव्हर असेल तर तो आधी कार्ड पकडतो, आणि डिस्कवरच्या नव्या फाइलकडे कोणी बघतही नाही. उबुंटू आणि डेबियनवर नेटवर्क ड्रायव्हर सहसा आत असतात. ड्रॅकटच्या (इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या दुसऱ्या साधनाच्या) मशीनवर नेटवर्कवरून रूट डिस्क येत असेल तर नक्की असतात.

अपडेट-इनिटरॅमएफएस किंवा ड्रॅकट चालवताना पुन्हा लक्ष्य कर्नलची आवृत्ती द्या. मग एलएसइनिटआरडी किंवा एलएसइनिटरॅमएफएसने आत काय आहे ते उघडून बघा.

केडम्पची (क्रॅशच्या वेळची मेमरी जतन करणाऱ्या सोयीची) इनिटरॅमएफएस वेगळी असते. क्रॅशची नोंद नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवत असाल तर तीही पुन्हा बनवा. तिचा विसर पडलेला ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी डम्पची गरज असते.

टप्पा ९: रीबूटनंतरची पडताळणी

कर्नल ठरवलेलाच आहे ना ते बघा. मॉडइन्फोला एन पर्याय दिला की निवडली जाणारी फाइल कळते, पण लोड झालेली तीच आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी /सिस/मॉड्यूल/<नाव>/एसआरसीव्हर्जन (मॉड्यूलच्या सोर्सवरून काढलेला चेकसम) वाचा आणि मॉडइन्फोच्या एसआरसीव्हर्जनशी ताडून बघा. दोन्ही सारखे असले तरच काम झालं.

कर्नल टेंट झाल्याचं (त्यावर बाहेरच्या कोडची खूण लागल्याचं) दिसेल. ४०९६ म्हणजे बाहेरचं मॉड्यूल, ते अपेक्षित आहे. त्यात ८१९२ मिळवलेलं दिसलं तर सही नसलेलं मॉड्यूल लोड झालंय. टप्पा ७ वर परत जा.

इंटरफेसचं नावही बघा. काही ड्रायव्हर पोर्टचं नाव कर्नलला कळवतात आणि नावाच्या शेवटी एनपी० सारखी शेपटी लागते. नेटवर्क कॉन्फिगरेशन जुन्या नावाने लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर निर्दोष असूनही सर्व्हर नेटवर्कवर येत नाही. मॅक पत्त्यावरून नाव बांधणारी सिस्टमडीची लिंक फाइल रोलआउटच्या आधीच पाठवा.

टप्पा १०: पॅकेज काढून बघा

ही चाचणी जवळपास कोणी करत नाही. पॅकेज अनइन्स्टॉल करा, रीबूट करा, आणि मूळ ड्रायव्हर परत येतो का ते बघा. तुमच्या पॅकेजची काढतानाची स्क्रिप्ट डेपमॉड चालवत असेल पण इनिटरॅमएफएस पुन्हा बनवत नसेल, तर काढलेला ड्रायव्हर आतून पुन्हा लोड होतो. एसआरसीव्हर्जन इथेही वाचा.